फिलहेलीन अप्पांचा सत्कार

माझे सासरे फिलहेलीन होते. हा आजार नव्हे.

आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण लग्नाच्या बोलणीत माझ्या मामांच्या कानावर हा शब्द पडला, आणि बडोद्याहून सांगलीला परतताना रस्ताभर ते माझ्या आईला विचारत होते, "पण ते पुढच्या पिढीत उतरत नसेल ना?"

फिलहेलीन म्हणजे ग्रीक लोकांवर, त्यांच्या भाषेवर, त्यांच्या सगळ्या पसाऱ्यावर जीव असलेला माणूस. आणि तो स्वतः ग्रीक नसला पाहिजे. निदान अप्पा तरी हा शब्द असाच वापरायचे. ते म्हणायचे, "अथेन्सच्या माणसाला अथेन्स आवडलं, त्यात काय मोठं? परक्याने जीव लावला, तर त्याला शब्द लागतो. आता हेच बघ सूनबाई, मुलीला आई आवडते, त्याला काही नाव नाही. पण सुनेला सासू आवडली, तर शब्द शोधावा लागेल."

"सापडला की मलाही कळवा!" आतून सासूबाईंचा आवाज यायचा. (सापडला नाही. त्या गेल्या तरी नाही.)

अप्पा बडोद्यातल्या एका जुन्या ग्रंथालयात पुस्तकांच्या सूची करायचे. लहानपणी बागेतल्या संग्रहालयात त्यांनी ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती पाहिल्या. कुणाला हात नाही, कुणाला नाक नाही, पण उभे मात्र असे की जणू आपणच काहीतरी गमावून बसलोय! तिथून जे वेड लागलं ते लागलं. ग्रंथालयाच्या रद्दीत एक फाटकं ग्रीक व्याकरण मिळालं, त्यावरून ते एकट्याने ती भाषा शिकले. पन्नास वर्षं वाचत राहिले. पार्थियन म्हणून कुणी राजे होते, त्यांनी आपल्या नाण्यांवर 'फिलहेलीन' असं स्वतःहून कोरून घेतलं होतं म्हणे. ही गोष्ट अप्पा दूधवाल्यालाही सांगायचे. दूधवाला म्हणायचा, "बराबर, दादा," आणि दूध मोजायचा.

आता यात माझी काय चूक? सांगते. माझी चूक अशी की मी ते 'नाण्यांवर कोरून घेतलं' एवढंच लक्षात ठेवलं.

बडोद्याच्या जुन्या मराठी घरांत एक खोड आहे. प्रत्येकाच्या पणजोबांना दरबारातून काहीतरी मिळालेलं असतं. किताब, शालजोडी, पालखीचा मान, गेला बाजार एक तलवार तरी! आणि त्याची सनद दिवाणखान्यात काचेच्या चौकटीत लावलेली असते. मी सांगलीची, माहेरी दिवाणखान्यात फक्त वाण्याच्या दुकानाचं कॅलेंडर. सासरी बघते तर इथेही सनद नाही! अप्पांचे वडील साधे कारकून. मग मला वाटलं, आपल्याकडे निदान हा शब्द तरी आहे. वाडीतलं भाड्याचं घर सोडून आम्ही गोत्रीला सोसायटीत स्वतःचं बैठं घर, म्हणजे इथल्या भाषेत टेनामेंट, घेतलं, तेव्हा मी परस्पर पितळी पाटी करून आणली: 'द. ग. दिघे, फिलहेलीन'.

अप्पांनी पाटी पाहिली. चष्मा काढला, पुसला, परत पाहिली.

"सूनबाई, ही पदवी नाही गं. हे कुणी देत नाही."

"तुम्ही आहात ना पण?"

"आहे."

"मग झालं तर!"

ते हसले आणि आत गेले. मी ते हसणं संमती धरलं. (त्या वयात मला कुणाचंही हसणं संमतीच वाटायचं.)

आठवड्याभरात शेजारच्या कोकिलाबेन दारात. "सुमनबेन, दादा शेना डॉक्टर छे?"

"डॉक्टर नाहीत हो ते."

"तो पछी बोर्ड उपर शुं लख्युं छे? मारा घुटणमां बहु दुखे छे."

त्यांचा गुडघा अप्पांनी दाबून पाहिला नाही, पण एका ग्रीक वैद्याची गोष्ट तासभर सांगितली. कोकिलाबेन जाताना म्हणाल्या, "हवे सारुं लागे छे." मग काय! महिनाभर सोसायटीतले सांधे आमच्याकडे.

हे सगळं गमतीत चाललं होतं, तोवर मराठी मंडळाचे अध्यक्ष नाना एकदा हळदीकुंकवाला बायकोला सोडायला आले. नानांचे पणजोबा शिलेदार. घरी सनद तर होतीच, शिवाय ढालही होती. त्यांनी पाटी वाचली आणि पंचवीस बायकांसमोर विचारलं, "हा किताब कुठल्या दरबारचा, वहिनी? सनद बघायला मिळेल का?"

हातातली अत्तरदाणी तशीच राहिली. नाना मिशीत हसले आणि गेले. त्या दिवशी मी ठरवलं की सनद आणायचीच. दरबार उरला नाही तर नाही, ग्रीस तर आहे ना जागेवर!

आणि योगायोग बघा. ते दिवस असे होते की रोज काहीतरी परदेशी येत होतं. टीव्हीवर पन्नास चॅनेल, दुकानात नवी सरबतं, आणि वाघोडियाच्या कारखान्यांत नवी मशिनं. आमचे हे तिथे एका कारखान्यात होते. एके दिवशी संध्याकाळी जेवताना म्हणाले, "जर्मन मशीन आलंय. बसवायला जो इंजिनियर आलाय ना, तो ग्रीक आहे. स्पायरो नाव त्याचं."

अप्पांचा घास हातातच राहिला.

"ग्रीक? म्हणजे ग्रीसचा?"

"ग्रीक आणि कुठला असणार, अप्पा?"

"बोलतो?"

"बोलतो म्हणजे? इंग्रजी बोलतो."

"नाही रे. ग्रीक बोलतो का?"

हे माझ्याकडे बघायला लागले. अप्पांनी ताट बाजूला सारलं. हात न धुताच म्हणाले, "मी ही भाषा कधी ऐकलेली नाही."

मला तोवर हे सुचलंच नव्हतं. पन्नास वर्षं वाचली म्हणजे ऐकलीही असणार, असं धरून चाललो होतो सगळे. पण ऐकणार कुठून? बडोद्यात? अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, एका भाषेवर एवढा जीव, आणि तिचा आवाज कसा आहे ते त्याला माहीत नाही! आपण कुणाला तरी जन्मभर पत्रं लिहावीत आणि त्याचा आवाज कधी ऐकू नये, तसं.

अप्पा म्हणाले, "मला काही नको. त्याने माझ्याजवळ बसून एक पान मोठ्याने वाचावं. एकच पान. बस."

हे म्हणाले, "तुम्हाला कारखान्यात नेता येणार नाही, पास लागतो. पण तो रविवारी संध्याकाळच्या विमानाने जातोय. साडेतीनला घरी आणतो. पाचला निघावं लागेल."

"दीड तास!" अप्पा म्हणाले. जणू कुणी दीड वर्ष दिलं होतं. "दीड तासात तर दहा पानं होतील."

झोपायच्या आधी मी ह्यांना म्हटलं, "आलाच आहे तर चार माणसं बोलावू या."

"कशाला?"

"सत्कार! त्याच्या हस्ते अप्पांना फिलहेलीन किताब. मानपत्र करू. खाली ग्रीक माणसाची सही. मग विचारू दे नानाला सनद!"

"अगं, अप्पांना फक्त..."

"अप्पांचंही होईल की! पंधरा मिनिटांचा तर कार्यक्रम."

(मराठी माणसाचा पंधरा मिनिटांचा कार्यक्रम! आणि हे मी स्वतः, तोंड वर करून म्हटलं.)

चार माणसांची चाळीस झाली, चाळिसाची ऐंशी. कारण एकाला बोलावलं तर दुसऱ्याला राग. अंगणात मांडव घातला. खुर्च्या आल्या. मानपत्र मखमलीवर छापून गोल नळकांड्यात घातलं. अध्यक्षस्थान अर्थातच नानांना, कारण जळवायचं ज्याला, तो समोर नको? आणि ज्याला समोर बसवायचं, त्याला अध्यक्ष केल्याशिवाय तो येतो कुठे?

रविवारी अप्पा दुपारी दोनलाच तयार. पांढरा कोट, काळी टोपी. मांडीवर त्यांचं ते जुनं पुस्तक, पान उघडलेलं, पानात अंगठा. मांडव बघून म्हणाले, "सूनबाई, कुणाचं लग्न आहे?"

"चार माणसं येणारेत, अप्पा."

"बरं. पण मला तासभर मिळेल ना?"

"तासभर काय, जास्त!"

साडेतीनची गाडी पावणेचारला आली. स्पायरो उंच, घामाघूम, चाळिशीचा, भला माणूस. गाडीतून उतरला तर ऐंशी माणसं टाळ्या वाजवतायत! बिचाऱ्याला वाटलं, मशीन चालू झाल्याचा आनंद. मी ओवाळलं. मंडळाच्या मुलींनी स्वागतगीत म्हटलं, पाच कडवी. पेटीची एक पट्टी दबून बसली होती, म्हणून तिसरं कडवं दोनदा. चार वाजले.

मग नाना उठले. "आजच्या सत्कारमूर्तींविषयी बोलण्याआधी दोन शब्द," असं म्हणाले आणि त्यांच्या पणजोबांनी घोड्यावरून खंदक कसा ओलांडला ते सुरू केलं. घोडा खंदकाच्या अलीकडेच वीस मिनिटं उभा! ते मराठीत बोलणार, मग आमचे हे इंग्रजीत सांगणार, म्हणजे तोच घोडा दोनदा. स्पायरो गंभीरपणे मान डोलवत होता. अप्पा त्याच्या शेजारच्याच खुर्चीत. मधे फक्त वीतभर अंतर. दोनदा ते त्याच्याकडे वाकले, दोनदा माईक किंचाळला आणि त्यांना सरळ बसावं लागलं.

मला दिसत होतं बरं का. दिसत नव्हतं असं म्हणण्याइतकी खोटी मी नाही. पण मी नानांच्या मिशीकडे बघत होते.

मग मानपत्र. 'फिलहेलीन' शब्द त्यात अकरा वेळा होता (मीच लिहिला होता). मग शाल. मग श्रीफळ. ते कुठे ठेवावं हे स्पायरोला कळेना, म्हणून त्याने ते अप्पांच्या मांडीवर ठेवलं, उघड्या पुस्तकावर. वर हार, वर नळकांडं. अप्पांचा अंगठा त्या सगळ्याखाली अजून पानातच.

मी सहीसाठी पेन पुढे केलं. स्पायरोने ह्यांच्याकडून मजकूर समजून घेतला आणि इंग्रजीत म्हणाला, "बाई, हे मी कसं देऊ? हे देता येत नाही. हे त्यांचं आधीपासूनच आहे. माझं काम एवढंच की त्यांचे आभार मानायचे." आणि त्याने अप्पांपुढे चक्क मान झुकवली.

अप्पांनी मला पहिल्याच दिवशी पाटीसमोर तेच सांगितलं होतं. पण अप्पांचं ऐकायला ते काही परदेशातून आलेले नव्हते!

टाळ्या झाल्या. चार पन्नास. अप्पांनी हळूच मला खूण केली. मी जवळ गेले.

"दहा मिनिटं आहेत गं. आता आत घेऊन चल त्याला. अर्धं पानसुद्धा चालेल."

"हो हो, फक्त आभारप्रदर्शन..."

"सूनबाई."

एवढंच म्हणाले. त्यात रागही नव्हता. मी आभारप्रदर्शन रद्द करवलं (मंडळाच्या चिटणिसांनी माझ्याशी वर्षभर अबोला धरला). आणि पाहुण्याला आत नेलं. तिथे टेबलावर मांडलेलं दिसलं: शेवउसळ, श्रीखंड, पुऱ्या, खमण. आणि माझ्यातली मराठी गृहिणी जागी झाली!

"अप्पा, पाहुणा उपाशी जाणार का आपल्या घरून? दोन घास खाऊ दे, मग वाचेल."

अप्पा समोर बसले. नारळ बाजूला ठेवला. पुस्तक त्याच्याकडे फिरवलं. त्याने ते पाहिलं, त्याचे डोळे मोठे झाले, तो काहीतरी बोलणार, तेवढ्यात मी त्याच्यापुढे शेवउसळीची वाटी सरकवली. "प्लीज! बरोडा स्पेशल!" बाजूला तर्रीचं भांडं होतं. लाल, चकाकणारं. आमची तर्री खाताना बडोद्यात जन्मलेली माणसंही आधी घोटभर पाणी जवळ घेतात. त्या भल्या माणसाला ते टोमॅटोचं सूप वाटलं. मोठा चमचा भरला, तोंडात घातला.

एक क्षण काही नाही. मग तो उठून उभा राहिला, टेबलाला धरलं, आणि त्याच्या तोंडून ग्रीक बाहेर पडलं!

लांबलचक, पोटातून आलेलं, दोन श्वासांत मावेल एवढं. कोकिलाबेन पुरीचं ताट घेऊन येत होत्या, त्या जागच्या जागी थांबल्या. मी पाणी आणायला धावले. हे गाडीचा हॉर्न ऐकून दाराकडे. आणि या गोंधळात अप्पा खुर्चीत स्थिर, मान किंचित वाकडी, दूर कुठे घंटा वाजतेय आणि ती ऐकतोय असा चेहरा.

पाणी, साखर, श्रीखंड. "सॉरी, सॉरी," तो म्हणत होता, इंग्रजीत. पाच वाजून दहा. ह्यांनी त्याला जवळजवळ ओढतच गाडीत घातलं. काचेतून त्याने अप्पांना हात केला. पुस्तक टेबलावर उघडंच होतं.

त्या संध्याकाळी अप्पांनी मला एक शब्दही बोलून दाखवला नाही. ओरडले असते तर मी रडून मोकळी झाले असते. नुसतं म्हणाले, "तर्री छान झाली होती म्हणे."

पुढे ह्यांनी जर्मनीला पत्र टाकलं, की स्पायरोसाहेबांनी एक पान वाचून कॅसेट पाठवावी. कळलं की त्याने ती नोकरी सोडली. पुढचा पत्ता कुणाकडे नाही.

दोन दिवसांनी मी स्वयंपाकघरात कोकिलाबेनना तो प्रसंग करून दाखवत होते. लहानपणापासून मला नकला करायची वाईट खोड आहे. एकदा ऐकलं की तसंच्या तसं तोंडातून येतं. टेबल धरलं, डोळे वटारले, आणि ते सगळं लांबलचक ग्रीक म्हणून टाकलं. कोकिलाबेन पोट धरून हसतायत, आणि वळून बघते तर दारात काठी टेकवून अप्पा.

मी जीभ चावली. आता मात्र बोलणार!

अप्पा आत आले. स्टुलावर बसले.

"पुन्हा म्हण."

"अप्पा, चुकलं माझं..."

"पुन्हा म्हण गं. हळू."

मी म्हटलं. त्यांनी खिशातून कागद काढला, ग्रंथालयातल्या सूचीचे ते छोटे कागद असायचे त्यांच्याकडे, आणि लिहायला लागले. "जोर कुठे होता? दुसऱ्यावर की तिसऱ्यावर? पुन्हा." मी पुन्हा म्हटलं. "आणि शेवटचा 'मू'? 'मू'च म्हणाला ना? अगं, 'मू' म्हणजे 'माझं'! माझ्या पुस्तकात आहे हा. अडीच हजार वर्षं झाली, तसाच आहे!" त्यांचे डोळे भरले होते. "बाकीचं नाही कळलं. पण काहीतरी त्याचं होतं, सूनबाई."

मग तो रोजचा नेम झाला. दुपारचा चहा झाला की अप्पा पुस्तक घेऊन स्टुलावर, आणि मी समोर. "म्हण." मी म्हणायचे. कधी सर्दी असली की ते म्हणायचे, "आज त्याच्यासारखं नाही आलं." सात महिने. कॅसेट नव्हती, स्पायरो नव्हता. साऱ्या जगात त्यांच्यासाठी ग्रीक बोलणारं माणूस म्हणजे मी, सांगलीची!

पावसाळा संपता संपता अप्पा अंथरुणाला खिळले. शेवटच्या दिवशी सकाळी खोली माणसांनी भरली. नाना आले होते, ते खरंच रडत होते. कुणी गंगाजलाचे थेंब घातले. सगळे म्हणत होते, "अप्पा, राम म्हणा. राम म्हणा." अप्पांची नजर कुणाला तरी शोधत होती. मी पुढे झाले. त्यांनी दोन बोटं जराशी उचलली. दुपारच्या चहानंतर उचलायचे, तशी.

मी कानाशी वाकले आणि हळूच म्हटलं. सगळं, शेवटच्या शब्दापर्यंत. मागून कुणी विचारलं, "काय म्हणतेय ती?" कोकिलाबेन म्हणाल्या, "श्लोक छे."

अप्पांचे ओठ हलले. हे हुंदका देऊन म्हणाले, "राम म्हणाले! अप्पा राम म्हणाले!" राम म्हणताना ओठ शेवटी मिटतात. अप्पांचे मिटून पुढे आले होते, 'मू' म्हणताना येतात तसे.

या गोष्टीला आता खूप वर्षं झाली. परवा माझी नात फोन घेऊन बसली होती. हल्ली त्यात कुठलीही भाषा बोला, अर्थ सांगतो. किती सहज! त्या फोनकडे मी नुसती बघत राहिले. एक पान ऐकायला किती वेळ लागला असता, तेवढा वेळ बघत राहिले. मग म्हटलं, "आण इकडे." आणि एका दमात ते म्हणून टाकलं. जोर दुसऱ्यावर, शेवटी मू.

नातीने पडद्यावर वाचलं. कानापर्यंत लाल झाली.

"आजी! हे तू कुणासमोर म्हणू नकोस हं. फार म्हणजे फार घाण आहे! त्यात देव आहे, त्याची आई आहे, आणि... शी! कुणासमोर म्हणालीयेस का कधी?"

काय सांगू तिला? की ज्या माणसाने माझ्याकडे आयुष्यात एकदाच काही मागितलं, त्याचा तो दीड तास मी खाल्ला, आणि त्याच्या बदल्यात, दोन्ही खांद्यांवर पदर घेऊन, त्या देवमाणसाला सात महिने रोज शिव्या घातल्या! आणि रोज तो म्हणायचा, "सूनबाई, आज सुरेख जमलं. पुन्हा."